बाण ‘नको’कडे जातो

२ नोव्हेंबर, रविवार

शाळेने वर्षाच्या सुरुवातीला सगळ्या शिक्षकांना वाटलेली ही डायरी आजवर कपाटात कोरी पडून होती. आज काढली, कारण मला कुणाला तरी शिव्या द्यायच्या आहेत आणि घरात त्या ऐकून घेणारं कुणी नाही. आई लगेच देवापुढे हात जोडते. बाबा बोलू शकत नाहीत.

शिव्या लॅपटॉपला. त्याआधी मला स्वतःला. कधीपासून तो विचारत होता, नवी सिस्टम टाकू का, आणि मी रोज ‘नंतर’ दाबत होते. काल इथे राज्याच्या स्थापनेची, राज्योत्सवाची सुट्टी, हाताशी वेळ, म्हटलं टाक बाबा एकदाची. दुपारभर तो गोल गोल फिरत बसला. उठला तेव्हा स्क्रीन अगदी नव्या नवरीसारखी, आणि टचपॅडचं डोकं फिरलेलं. बोट उजवीकडे न्यावं तर बाण वर उडी मारतो. बोट उचललं तरी आपला आपणच घसरत राहतो.

लॅपटॉप माझ्या एकटीचा असता तर माउस जोडून मोकळी झाले असते. पण तो आता माझा राहिलेला नाही, बाबांचा आहे. बाबांना नसांचा आजार आहे. आधी डावा हात गेला, मग पाय, मग मान आणि शेवटी जीभ. डोकं मात्र जसंच्या तसं. जुनी भांडणं, नातेवाइकांच्या खोड्या, मी गणित शिकवताना केलेली चूक, सगळं त्यांना कळतं. अंगात स्वतःच्या मर्जीने हलणारं आता एकच उरलंय, उजव्या हाताचं पहिलं बोट. माउस धरता येत नाही, पण पॅडवर ते बोट सरकतं आणि दाबतंही.

म्हणून मी त्यांच्यासाठी स्क्रीनवर एक पाटी केली. मोठे मोठे चौकोन. बाण चौकोनावर नेऊन दाबलं की लॅपटॉप तो शब्द बोलतो. माझ्या आवाजात बोलतो, कारण रेकॉर्ड करायचं सुचलं तोवर बाबांचा आवाज गेला होता. पाणी, कूस, पंखा, डास. सिंधू, म्हणजे आई. रेणू, म्हणजे मी. आणि खाली दोन मोठे चौकोन, उजवीकडे ‘हो’, डावीकडे ‘नको’.

रेकॉर्ड केलं तेव्हा मी मजेत होते. ‘हो’ हसत म्हटलाय, स्वयंपाकघरातून ओ द्यावी तसा. ‘नको’ तर मी लहानपणी दुधाचा पेला पुढे आला की नाक मुरडून म्हणायची तसा, ‘नक्कोऽ!’ ऐकून बाबांच्या डोळ्यांत हसू आलं होतं, म्हणून तसाच ठेवला.

आज बाबांना पाणी हवं होतं. लॅपटॉप म्हणाला, ‘डास’. आईने मच्छरदाणी सोडली. परत ‘डास’. आई मच्छरदाणीत शिरून टाळ्या वाजवायला लागली. परत ‘डास’. ‘‘कुठी हाय वो बाई डास? मले त एकबी दिसून नाई राह्यला,’’ आई रडकुंडीला आलेली, आणि वरून माझाच लाडिक आवाज, डास, डास. मला आधी हसू आलं. मग बाबांचे कोरडे ओठ दिसले. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टर यामिनी मॅडम घरी येऊन गेल्या. बाबांच्या छातीला हात लावून बराच वेळ बसल्या. मग मला बाहेर अंगणात नेलं.

रात्री श्वासासाठी जो मास्क लावतो तो आता पुरत नाही. थंडी वाढली की छातीत कफ धरेल, आणि मग धावपळीत काहीतरी ठरवावं लागेल. त्यापेक्षा आत्ताच ठरवा, म्हणाल्या. गळ्याला छेद देऊन नळी बसवायची आणि ती मशीनला जोडायची. मग मशीन श्वास देईल. किती काळ ते सांगता येत नाही, वर्षंही निघू शकतात. पण एकदा जोडलं की त्यांचं सगळं जगणं मशीनच्या भरवशावर, आणि आजार काही थांबणार नाही, ते बोटही जाईल. नळी नको असेल तर श्वासाचा त्रास जाणवू नये म्हणून औषधं आहेत, घरीच ठेवता येईल. ‘‘फैसला उनका है, आपका नहीं,’’ असं त्यांनी दोनदा म्हटलं. पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

बाबांनाही त्यांनी सगळं सांगितलं, काही न लपवता, हळू हळू, त्यांच्या डोळ्यांकडे बघत. बाबा पापणी न हलवता ऐकत होते. जाताना मला म्हणाल्या, त्यांच्याकडून साफ उत्तर घ्या. डोळ्यांवरून घरात प्रत्येक जण वेगळं वाचतो, तसं नको. लॅपटॉपवर विचारा. आता यांना कसं सांगू की लॅपटॉपला पाणी आणि डास यातला फरक कळेनासा झालाय!

प्रवीणला फोन केला. माझा धाकटा भाऊ, बंगळुरूला असतो. तो ऐकून घेतानाच रडायला लागला आणि रडतानाच ठरवूनही टाकलं. ‘‘करून टाकू ताई. सोचना क्या है यार? रायपूरले मोठ्या हॉस्पिटलमध्ये बोलतो मी. बावीसले येऊन राहिलो, तवापर्यंत बाबाले विचारून ठेव. ते हो म्हणतीन, पाह्यजो.’’ मीही म्हटलं, हो म्हणतील. न म्हणायला काय झालं?

मॅडमनी विचारलं होतं, पेशंट काय काम करायचे. पोलाद कारखान्याच्या मिलमध्ये वरची क्रेन चालवायचे. उंचावरच्या केबिनमध्ये बसायचं, खाली लालभडक माल, आणि आवाज इतका की ओरडलेलं ऐकू येत नाही. खाली उभा असलेला एकच माणूस हातांनी इशारे करणार आणि त्याचेच मानायचे, दुसऱ्या कुणाचे नाही. एक इशारा सोडून. समोर धरलेला उघडा तळवा म्हणजे थांब, आणि थांब कुणीही म्हणू शकतं, झाडू मारणाराही. बाबा आम्हाला सांगायचे, ‘‘थांब देखला का पयले थांबाचं. कावून, कायले, हे मंग विचाराचं.’’ घरी जेवतानाही तोच तळवा ताटावर यायचा. आई बाकी कशात त्यांचं ऐकत नसे, पण तळव्यापुढे वाढायला आणलेली पोळी मुकाट परत जायची.

८ नोव्हेंबर, शनिवार

तीन संध्याकाळी यातच गेल्या. पॅडचा ड्रायव्हर काढला, लॅपटॉप बंद करून चालू केला, त्याने तोच ड्रायव्हर परत टाकला. जुना शोधून टाकला, तर पॅड पूर्णच मेलं. परत नवा टाकला. जुन्या सिस्टमवर परत जायचं बटण असतं असं कळलं. बटण सापडलं, पण दाबायच्या आधीच लॅपटॉपने फुकटचा सल्ला दिला, की पुढे आलात तेच बरं, आणि मग काहीतरी कारण काढून नाहीच म्हणाला. इंटरनेटवर जगभरची माणसं याच दुखण्यावर एकमेकांना उपाय सांगतायत. एकाने लिहिलंय, पॅड ओल्या फडक्याने पुसा. पुसलं. बाबांचं बोटही पुसलं. त्या बोटाचं नख मी नेहमी कापते तसं कापलं, जरा खोलच कापलं गेलं, आणि बाबा हूं का चूं करू शकले नाहीत. मग मी कितीतरी वेळ त्यांचं ते बोट तोंडापाशी धरून बसले.

मी वैतागलेय. शाळेत आज एका मुलीला बेरीज चुकली म्हणून इतकी बोलले की वर्ग गप्प झाला. दिवसभर हिंदीत ओरडायचं आणि घरी येऊन मराठीत मशीनला विनवण्या करायच्या. मराठी आता फक्त घरात उरली आहे, आम्हा तिघांत. त्यातला एक बोलत नाही, आणि जे बोलतो ते डास.

आई म्हणते, ‘‘कायले त्या डब्ब्याच्या मांगं लागली? त्याईले काय पायजे ते मले समजते.’’ आईचं हे नेहमीचंच. ती डोळे वाचते म्हणे.

९ नोव्हेंबर, रविवार

सापडलं! सापडलं! चार्जर!

सकाळी वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर आला आणि बाण एकदम शहाण्यासारखा चालायला लागला. वीज आली, परत पिसाटला. क्वार्टरची वायरिंग बाबांच्या नोकरीच्या काळातली, त्यातून आमचा दोन पायांचा प्लग. चार्जर लावला की पॅडमध्ये थोडा करंट झिरपतो. जुन्या सिस्टमला ते चालत होतं, नवीने आल्या आल्या पॅड हवं त्यापेक्षा हळवं करून ठेवलंय. मी तो हळवेपणा सगळ्यात खाली आणला आणि चार्जर काढला. आता आधी पूर्ण चार्ज करायचा, मग चार्जर काढून बाबांना द्यायचा. एवढंच!

बाबांनी पाणी मागितलं, पाणी मिळालं. ‘पंखा’ म्हणाले, पंखा लागला. मग ‘सिंधू’. आई धावत आली, काय पायजे म्हणाली. परत ‘सिंधू’. काही नको होतं त्यांना. नुसतीच हाक मारत होते. आई पदराने डोळे पुसत म्हणाली, ‘‘आता म्हाताऱ्याले चेव चढला.’’ मला इतका आनंद झाला की शेजारच्या सरलाकाकूंना दही नेऊन दिलं, काही कारण नसताना.

आणि त्याच आनंदात मी बाबांना विचारून टाकलं. नळी बसवायची ना बाबा? प्रवीण सगळी सोय करतोय.

बाण खाली आला आणि डावीकडे गेला. ‘नक्कोऽ!’

म्हणजे अजून थोडा बिघाड शिल्लक आहे. डावीकडे ओढ आहे पॅडची.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज चौकोनांची अदलाबदल केली. ‘हो’ डावीकडे, ‘नको’ उजवीकडे. पॅड डावीकडे ओढत असेल तर आता आपोआप ‘हो’वर जाईल. बाबांना समजावून सांगितलं, नीट बघा, जागा बदलल्या आहेत. विचारलं. बाण थोडा रेंगाळला आणि उजवीकडे गेला. ‘नक्कोऽ!’

मी बराच वेळ विचार केला. नव्या सिस्टममध्ये काही गोष्टी उलट्या झालेल्या आहेत हे खरंच आहे. दोन बोटांनी पान वर सरकवायला गेलं की खाली सरकतं. तसंच एका बोटाचंही अधूनमधून होत असणार. पाण्याच्या वेळी बरोबर चालतं आणि याच वेळी उलटं, हे जरा विचित्र आहे, पण मशीनचं काय सांगावं.

प्रवीणचा फोन. ‘‘बाबा काय म्हणाले?’’ मी म्हटलं, पॅड खराब आहे रे, काही कळत नाही. तो म्हणाला, ‘‘मग तूच सांग ना मॅडमले, के बाबा हो म्हणाले. आपल्याले नाई मालूम का बाबाचं?’’ मी त्याच्यावर ओरडले. असं कसं सांगेन? मला बाबांचं स्वतःचं उत्तर हवं आहे. फक्त ते बरोबर यायला हवं.

संध्याकाळी बाबांचा श्वास ऐकत बसले होते. एक घेतला की दुसरा येईपर्यंत माझाच जीव कासावीस होतो. मला भीती वाटते. हे कुठेतरी लिहायलाच हवं. मी बेचाळीस वर्षांची आहे, लग्न केलं नाही त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण शाळेतून आलं की दारात बाबा असायचे, आज कोणत्या पोट्ट्यानं डोकं खाल्लं विचारायला. त्या खाटेवर कुणी नाही अशी ती खोली मी डोळ्यांसमोर आणूच शकत नाही. नळी असो, मशीन असो, मला ते हवे आहेत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सुपेल्याच्या बाजारात मोहितच्या दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप नेला. मोहित माझ्याच वयाचा, पोट सुटलेला, एका कानाला सतत फोन. त्याने चित्र काढायचा पडदा उघडला आणि पॅडवर बोटाने रेघा मारल्या. आडव्या, उभ्या, तिरक्या. सगळ्या सरळ. हलक्या बोटानेही मारून बघितल्या. सरळ.

‘‘दीदी, पैड में कुछ नहीं है.’’

मी म्हटलं, है. एका बाजूला जातं. त्याने परत मारून दाखवल्या. मी म्हटलं, तुम्हारे हाथ से नहीं होगा, मेरे पिताजी के हाथ से होता है. त्याने कानाचा फोन खाली ठेवला.

‘‘अच्छा पैड निकालके नया डालूँ?’’

हाँ, म्हटलं. पार्ट रायपूरहून येणार, तोवर लॅपटॉप घेऊन जा, आला की फोन करतो, असं तो म्हणाला. मी तिथेच ठेवून आले. उगाच ने-आण कोण करणार? शिवाय बिघडलेल्या मशीनवर चुकीची उत्तरं ऐकत बसण्यापेक्षा ते नसलेलं बरं.

येताना स्कूटरवर एकदम हलकं वाटलं. का ते कळलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बाबा टेबलाकडे बघतात. लॅपटॉप असायचा त्या जागेकडे. सकाळपासून तिथेच बघतायत. मी सांगितलं, दुरुस्तीला दिलाय, येईल. बोट चादरीवर सरकतं, दाबतं, परत सरकतं. चादर काही बोलत नाही.

आईशी भांडण झालं. ती त्यांना पेज भरवत होती, दोन चमचे झाल्यावर थांबली. मी म्हटलं, आणखी दे, पोटात काही गेलं पाहिजे. ‘‘पुरे म्हणून राह्यले ते.’’ कुठे म्हणाले? ‘‘डोयानं.’’ मी वाटी हातात घेतली आणि तिसरा चमचा भरवला. बाबांना ठसका लागला. तो ठसका थांबता थांबेना, चेहरा काळानिळा झाला, आईने पाठ धरून बसतं केलं तेव्हा कुठे श्वास आला. वाटी माझ्या हातात तशीच होती.

आई मला बोलली असती तर बरं झालं असतं. मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली भांडी घासत बसली, घासलेलीच परत घासत. मी जवळ गेले तर एवढंच म्हणाली, ‘‘तो डब्बा कवा आणतं?’’

आईला लॅपटॉप हवाय हे मी पहिल्यांदाच ऐकलं. तिला का हवा असेल?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आजचं आजच लिहून ठेवते.

शाळेतून येताना लॅपटॉप घेऊन आले. नवं पॅड. चार्जर काढलेला, बॅटरी पूर्ण. मी शाळेतल्या कॉम्प्युटरवर मोकळ्या तासाला नवी पाटी करून ठेवली होती, चूक व्हायला जागाच राहू नये अशी. उजवीकडे अर्ध्या स्क्रीनभर ‘हो’, डावीकडे अर्ध्या स्क्रीनभर ‘नको’. बाकी काही नाही.

बाबांना उशा लावून बसवलं. बोट पॅडवर ठेवलं. म्हटलं, बाबा, आता सगळं नवीन आहे, कसलाही बिघाड नाही. शेवटचं विचारते. नळी बसवायची ना?

बोट हललं नाही. ते माझ्याकडे बघत होते. मला वाटलं पॅड परत मेलं. माझं बोट लावून बघितलं, बाण गेला, ‘हो’ वाजला. म्हटलं, बघा, चालतंय, असं करायचं. आणि मी त्यांचं बोट माझ्या बोटांत धरलं. धरलं आणि उजवीकडे ओढलं. मीच दाबलं. ‘होऽ!’ हसत हसत, स्वयंपाकघरातून आल्यासारखा.

मी म्हटलं, झालं. बाबा हो म्हणाले.

‘‘सोड त्याईचं बोट.’’

आई दारात होती. केव्हापासून होती माहीत नाही. ती आली, माझ्या हातातून बाबांचा हात काढून घेतला. मनगट धरून तो वर उचलला. दुसऱ्या हाताने त्यांची मिटलेली बोटं एकेक करून उघडली, आणि तो तळवा माझ्यासमोर धरला. सरळ. माझ्या तोंडासमोर.

मी म्हटलं, आई, तू धरलायस तो.

‘‘त्याईले उचलता येत नाई म्हणून म्या उचलला. हात त्याईचाच हाय.’’

तळव्याच्या मागे बाबांचे डोळे होते. इतके दिवस मी पॅडकडे बघत होते, स्क्रीनकडे बघत होते, बाणाकडे बघत होते. त्या डोळ्यांत राग नव्हता. थकवा होता, आणि माझ्याबद्दलची काळजी होती, जी मला सगळ्यात असह्य झाली. आईने तळवा खाली येऊ दिला नाही. माणूस आजारी पडल्यापासून किती हलका झालाय, तरी तो हात तेवढा वेळ धरून ठेवणं सोपं नसणार.

मी थांबले.

लॅपटॉप मिटला. बाबांच्या पायाशी डोकं टेकून रडले, नळ न सोडता. आईने तळवा खाली आणला तो माझ्या डोक्यावर ठेवला. खूप जड लागला.

पॅडमध्ये काही बिघाड नव्हता. चार्जर काढला त्या रविवारपासूनच नव्हता. मी चांगलं पॅड काढायला लावलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आधी थांबायचं, कशासाठी ते मग विचारायचं. बुधवारी विचारलं. जुनी पाटी परत लावली, सगळे चौकोन जागच्या जागी.

मशीनवर पडून राहायचं नाही? हो. हॉस्पिटलमध्ये नाही? हो. इथेच, या खोलीत? हो. आमचा कंटाळा आला का बाबा? नको. ‘नाही’चा चौकोन मी केलेलाच नाही, त्यामुळे तेही ‘नको’तच सांगावं लागतं त्यांना. भीती वाटते का, विचारलं. बाण बराच वेळ मध्येच थांबला आणि मग ‘सिंधू’वर गेला. आई त्यांच्या खाटेवर बसली ती दिवा लावायलाच उठली.

यामिनी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या उद्या येते, सगळ्यांसमोर एकदा विचारू, मग घरी काय काय ठेवायचं ते सांगते. प्रवीणला सांगितलं. तो भांडला. तू हार मानलीस म्हणाला, तुला कंटाळा आला म्हणाला. मी ऐकून घेतलं. हेच सगळं मी पॅडला ऐकवत होते. ‘‘मी स्वतः विचारीन बाबाले,’’ म्हणाला. विचार, म्हटलं. उद्या सकाळी पोचतोय.

फोन ठेवल्यावर मात्र एक गोष्ट लक्षात आली. उद्या प्रवीण विचारणार, मॅडम बसलेल्या असणार, आणि बाबा ‘नको’ दाबणार. आणि काय ऐकू येणार? ‘नक्कोऽ!’ दूध नको म्हणून नाक मुरडणारी पोरगी. माझ्या बापाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा शब्द, तो या आवाजात? प्रवीण ऐकूनच म्हणेल, हे काय, हा तर खेळ झाला. मीही तेच म्हटलं असतं.

म्हणून आज शाळेतून आल्यावर मी बाबांसमोर खुर्ची घेऊन बसले. सांगितलं, बाबा, ‘नको’ परत भरायचा आहे. तुमच्यासारखा. मला त्यांचा आवाज आठवायचा होता. मिलमधून येऊन सायकल भिंतीला लावताना, काही वाढवून न बोलता, नको म्हणायचे तो.

पहिल्यांदा म्हटला आणि आवाज फुटला. ऐकवला. बाबांनी बाण जुन्या ‘नको’वर नेला. ‘नक्कोऽ!’ पसंत नाही. आई खुदकन हसली, मग मीही. दुसऱ्यांदा म्हटला तो फारच कडक झाला, वर्गात म्हणते तसा. तोही नापसंत. आई म्हणाली, ‘‘पोरीले नोका तरास देऊ, म्हना का बरा हाय.’’ बाबा ढिम्म. मिलमध्येही ते असेच होते म्हणे, माल बोटभर वाकडा टेकला तरी परत उचलायचे.

मग मी डोळे मिटले. समोर खाट रिकामी असलेली ती खोली आणली, जी मला आणता येत नव्हती. आली. तिच्यात उभी राहिले आणि म्हटलं.

‘‘नको.’’

ऐकवलं. आई भांडी ठेवायची थांबली. बाबांचं बोट हललं. बाण निघाला, कुठे न रेंगाळता, कुठे न घसरता, सरळ उजवीकडे गेला, आणि लॅपटॉप माझ्या जुन्या, हसऱ्या आवाजात म्हणाला, ‘होऽ!’

तो ‘हो’ मी बदललेला नाही.